पर्माकल्चर कोणाकडे शिकावे? सहा शिक्षकांचा तुलनात्मक आढावा

पर्माकल्चर, म्हणजे जंगलासारखी स्वतःच्या बळावर टिकणारी, अन्न देणारी शेती आणि वस्ती रचण्याची पद्धत, शिकायचे मनात आले, की कोणाकडे शिकावे हा प्रश्न लगेच पुढे येतो. उत्तर शोधू लागलेला माणूस थोड्याच वेळात गोंधळतो, कारण जगभरातले बहुतेक शिक्षक एकाच नावाचा अभ्यासक्रम देत असतात. 'पर्माकल्चर डिझाइन कोर्स', म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला पीडीसी, किमान ७२ तासांचा असावा, त्याचा गाभा पर्माकल्चरच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या बिल मॉलिसन यांच्या मांडणीवर बेतलेला असावा आणि शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या प्रत्यक्ष जागेचा आराखडा करून दाखवावा, एवढी समान चौकट सामान्यतः पाळली जाते. त्यापलीकडे साऱ्या जगासाठी परीक्षा घेणारे, दर्जा ठरवणारे किंवा प्रमाणपत्र रद्द करणारे एकही मंडळ नाही. ज्याने स्वतः पीडीसी केला आणि काही वर्षे काम केले, तो शिकवू लागतो आणि त्याचे विद्यार्थी पुढे आपापल्या ठिकाणी शिकवतात. संगीतातल्या घराण्यांप्रमाणे राग एकच राहतो, पण मांडणी, भर आणि लकबी गुरूगणिक बदलतात.

त्यामुळे प्रमाणपत्रांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. तुलना करायची ती शिक्षकाचा हात कोणत्या मातीत, किती पावसात आणि कोणत्या माणसांबरोबर बसला आहे, याची. शिक्षक आपल्या जमिनीवर जे प्रश्न सोडवत आला, तेच त्याच्या शिकवण्यात ठळक होतात आणि ज्या प्रश्नांशी त्याची गाठ पडली नाही, ते दोन वाक्यांत उरकले जातात. या कसोटीवर येथे बिल मॉलिसन, डेव्हिड होल्मग्रेन, जेफ लॉटन, रोझमेरी मोरो, अँड्र्यू मिलिसन आणि नरसन्ना कोप्पुला या सहा जणांचा विचार केला आहे. पर्माकल्चरचे नेतृत्व यांच्यापुरतेच आहे असे नाही, परंतु मराठी वाचकासमोर जे पर्याय खरोखर येतात, त्यांत ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात.

मूळ जोडी: मॉलिसन आणि होल्मग्रेन

बिल मॉलिसन यांचा जन्म १९२८ साली टास्मानियातील स्टॅन्ली या लहानशा गावी झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी मासेमारी केली, जंगलात कामे केली, पुढे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या शासकीय संशोधन संस्थेच्या वन्यजीव सर्वेक्षणात काही वर्षे काढली आणि नंतर टास्मानिया विद्यापीठात शिकवले. होबार्ट येथे पर्यावरणीय रचनेचे शिक्षण घेणारा डेव्हिड होल्मग्रेन हा तरुण त्यांना १९७४ साली भेटला. जंगल जसे स्वतःचे स्वतः उभे राहते, तशी अन्न देणारी, बहुतांशी बहुवर्षायू वनस्पतींची व्यवस्था माणसाला रचता येईल का, या प्रश्नावर दोघांनी केलेल्या कामातून १९७८ साली 'पर्माकल्चर वन' हे पुस्तक आले. त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मॉलिसन शिकवत जगभर हिंडले आणि १९८१ साली त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. होल्मग्रेन मात्र प्रसिद्धीपासून दूर राहून, हाताने काम करत शिकत राहिले.

मॉलिसन यांचे २०१६ मध्ये निधन झाले. आता त्यांच्याकडून शिकायचे म्हणजे पुस्तकांतून आणि जुन्या ध्वनिचित्रमुद्रणांतून. १९८८ साली प्रसिद्ध झालेले 'डिझायनर्स मॅन्युअल' हे चौदा प्रकरणांचे आणि पावणेसहाशे पानांचे पुस्तक आजही पीडीसीचा कणा मानले जाते. त्यात दमट उष्ण प्रदेश, कोरडे प्रदेश आणि थंड प्रदेश यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत, माती हलवून पाणी अडवण्याच्या कामांचे प्रकरण आहे आणि शेवटी गावपातळीवरील अर्थव्यवहार व जमिनीच्या सामाईक मालकीपर्यंतचा विचार आहे. कोकणातल्या माणसाने दमट प्रदेशाचे आणि मराठवाड्यातल्या माणसाने कोरड्या प्रदेशाचे प्रकरण वाचले, तर दोघांना दोन वेगळी पुस्तके वाचल्यासारखे वाटेल, एवढा या ग्रंथाचा आवाका मोठा आहे. दोषही तितकेच ठळक आहेत. मॉलिसन ठाम विधाने करतात, आधार क्वचित देतात आणि वाचकाला चिथावण्यात त्यांना रस आहे. बागेत गोगलगायी झाल्या असतील, तर अडचण गोगलगायींची नसून बदकांच्या अभावाची आहे, हे त्यांचे प्रसिद्ध विधान विचाराला उत्तम चालना देते. पण बदके पाळायची म्हणजे पाणी हवे, रात्री कोल्ह्या-मुंगसापासून राखण हवी आणि कोवळ्या रोपांवर त्यांची चोच चालू नये याची तजवीज हवी, हा हिशेब वाचणाऱ्यानेच करायचा असतो. म्हणून हा ग्रंथ संदर्भासाठी जवळ ठेवावा आणि सुरुवात मात्र मॉलिसन यांनी रेनी मिया स्ले यांच्यासह लिहिलेल्या १९९१ च्या 'इंट्रोडक्शन टू पर्माकल्चर'ने करावी.

१९५५ साली जन्मलेल्या होल्मग्रेन यांचा स्वभाव आणि पल्ला दोन्ही वेगळे आहेत. व्हिक्टोरिया राज्यातील हेपबर्न येथे सुमारे एक हेक्टर जागेवर त्यांनी १९८५ पासून 'मेलिओडोरा' हे घर, बाग आणि फळझाडांचे आवार उभे केले. जोडीदार सू डेनेट यांच्यासह ते तेथेच राहतात आणि त्यांच्या मांडणीचा पुरावा म्हणून हीच जागा दाखवतात. २००२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात निरीक्षणापासून सुरू होणारी आणि बदलाला कल्पकतेने सामोरे जाण्यापाशी थांबणारी बारा तत्त्वे आहेत. आज जगभरातील वर्गांच्या भिंतींवर जो बारा चित्रांचा तक्ता लावलेला दिसतो, तो त्यांच्याच मांडणीतून आला आहे. हॉवर्ड ओडम या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाच्या ऊर्जाविचाराचा त्यांच्यावर खोल ठसा आहे. स्वस्त खनिज तेलाचे युग उताराला लागल्यावर घर, अन्न आणि शेजार यांची घडी कशी बसेल, हा त्यांचा कायमचा विषय आहे. २०१८ चे 'रेट्रोसबर्बिया' हे जाडजूड पुस्तक त्याच प्रश्नावर, म्हणजे उपनगरांतील जुनी घरे आणि परसदारे कशी सुधारून वापरावीत यावर, लिहिले आहे.

दोघांतील फरक तिसऱ्या नीतितत्त्वात नेमका दिसतो. पृथ्वीची काळजी आणि माणसांची काळजी ही पहिली दोन तत्त्वे सर्वांना मान्य आहेत. तिसऱ्या ठिकाणी मॉलिसन यांनी लोकसंख्येला आणि उपभोगाला मर्यादा घालण्याची भाषा केली. होल्मग्रेन यांनी मर्यादेबरोबर अधिकचे वाटून देण्याचा विचार जोडला. आजचे बहुतेक शिक्षक मात्र 'न्याय्य वाटा' एवढेच म्हणून पुढे सरकतात आणि मर्यादेची बोचरी बाजू झाकली जाते. ज्याला या चळवळीमागचा विचार समजून घ्यायचा आहे, त्याने होल्मग्रेन यांना टाळू नये. त्यांची परसदारे ऑस्ट्रेलियन मापाची आहेत, पुण्या-ठाण्यातील सदनिकांना ती लागू होत नाहीत, हे खरे. तरीही नवे बांधण्यापेक्षा असलेले सुधारून घ्यावे हा त्यांचा आग्रह, शेतजमीन घेतल्याबरोबर पहिल्या वर्षी फार्महाउसच्या पायाला हात घालणाऱ्या आपल्याकडील हौशी मंडळींना ऐकवण्याजोगा आहे.

जेफ लॉटन आणि पाण्याचे चर

सध्या पर्माकल्चरचा सर्वांत ओळखीचा चेहरा जेफ लॉटन यांचा आहे. मूळचे इंग्लंडचे लॉटन ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. १९८३ साली त्यांनी मॉलिसन यांच्याकडे पीडीसी केला आणि १९९७ साली पर्माकल्चर रिसर्च इन्स्टिट्यूटची स्थापना केली. न्यू साउथ वेल्समधील द चॅनन येथील ६६ एकरांचे झैतुना फार्म ही त्यांची शाळा. त्यांचे नाव जगभर झाले ते मात्र जॉर्डनमुळे. मृत समुद्राजवळ, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर खाली, खारवट आणि जवळजवळ उजाड अशा दहा एकर जमिनीवर त्यांनी या शतकाच्या सुरुवातीला समपातळीत चर खणले, त्यांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले, कणखर शेंगवर्गीय झाडांच्या आडोशाने अंजीर, डाळिंब, खजूर यांसारखी फळझाडे लावली आणि त्यावर केलेली छोटी चित्रफीत जगभर पाहिली गेली. तेथे ठिबक सिंचनही वापरले होते, ही गोष्ट ती फीत दुसऱ्याला सांगताना बहुतेक जण विसरतात. पुढे जवळच्याच अल जवफा गावात त्यांनी दुसरी जागा उभी केली आणि तेथे आजही वर्ग चालतात.

लॉटन यांचे बलस्थान माती-पाण्याच्या कामांत आहे. उतार कसा वाचावा, पाणी कोठे थांबवावे, धरणाची भिंत कोठे बसते, सांडवा कोणत्या पातळीवर ठेवावा हे त्यांच्याइतक्या स्पष्टपणे शिकवणारे थोडे आहेत. त्यांचा ऑनलाइन पीडीसी चित्रफिती आणि आकृत्यांच्या बाबतीत सरस आहे. शुल्क डॉलरमध्ये असल्याने रुपयांत ते चांगलेच जड पडते. परंतु त्यांचे बरेचसे विनामूल्य साहित्य पाहूनही माणसाची पाण्याकडे पाहण्याची नजर बदलू शकते.

आता महाराष्ट्रातील वाचकाने थांबून विचार करावा असा मुद्दा. लॉटन ज्याला 'स्वेल' म्हणतात, त्याच्याशी आपली ओळख जुनी आहे. डोंगरउतारावर, मुरमाड माळावर मृदसंधारण विभाग आणि गावकरी जे सलग समतल चर खणत आले, तेही तत्त्वतः तेच काम करतात. पातळी जुळवून खणलेल्या चरात पाणी वाहत नाही, थांबते आणि मुरते. मुरमाड, पाणी पिणाऱ्या जमिनीत हे उत्तम चालते. खोल काळ्या जमिनीत मात्र गणित उलटते. काळी माती ओली झाली की फुगते, तिची पाणी पिण्याची गती एकदम मंदावते, चराच्या वरच्या बाजूला पाणी साचून राहते आणि तूर-हरभऱ्याची मुळे सडू लागतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, बांधालाही भेगा पडतात आणि पहिल्या जोरदार वळवाचे पाणी त्याच भेगांतून वाट काढून बांध फोडते. म्हणूनच आपल्याकडील मृदसंधारणाच्या पद्धतीत समपातळी बांध हे साधारण ६०० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या आणि पाणी मुरणाऱ्या जमिनींसाठी सांगितले जातात, तर भारी काळ्या जमिनीत किंवा अधिक पावसात ढाळीचे बांध घालून जादा पाणी गवताळ वाटेने सावकाश नाल्याला काढून दिले जाते. लॉटन स्वतः चर ही झाडे वाढवण्याची व्यवस्था आहे, हंगामी पिकांची नव्हे, असे सांगतात आणि सांडव्याविषयीही काटेकोर असतात. घोळ होतो तो चित्रफितीतला चर डोळ्यांत साठवून परभणी किंवा यवतमाळच्या रानात पोकलेन लावणाऱ्यांकडून. पोकलेनच्या एका दिवसात हललेली माती पूर्ववत करायला पुढची कैक वर्षे लागू शकतात, त्यामुळे या विषयात गुरू निवडताना सर्वाधिक काळजी येथे घ्यावी.

झाडांच्या यादीचेही तसेच आहे. नत्र स्थिर करणारी, भराभर वाढणारी झाडे आधी लावून नंतर ती छाटत राहायची, ही लॉटन यांची पद्धत योग्यच आहे. पण यादी जशीच्या तशी उचलली तर आपण सुबाभळीसारखी बेसुमार पसरणारी झाडे पुन्हा बांधावर आणून बसवू. वेड्या बाभळीने कोरडवाहू गायराने कशी व्यापली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. छाटणीला आणि हिरवळीच्या खताला आपल्याकडे गिरीपुष्प पुरेसे आहे.

रोझमेरी मोरो

लॉटन यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला रोझमेरी मोरो आहेत. सिडनीच्या पश्चिमेला असलेल्या ब्लू माउंटन्समध्ये राहणाऱ्या, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या या शिक्षिकेने आपले आयुष्य युद्ध, दारिद्र्य आणि विस्थापन यांनी ग्रासलेल्या लोकांमध्ये शिकवण्यात घालवले आहे. व्हिएतनाम, कंबोडिया, युगांडा, अफगाणिस्तान अशी त्यांच्या कामाची ठिकाणे आहेत आणि अलीकडच्या काळात निर्वासितांच्या छावण्यांत पर्माकल्चर नेण्याच्या कामाशी त्या जोडलेल्या आहेत. जिथे जमीन स्वतःची नाही, उद्या आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही आणि पाण्याचा डबा रांगेत उभे राहून भरावा लागतो, तिथे दीर्घकाळ टिकणाऱ्या शेतीचा विचार कसा शिकवायचा, हा प्रश्न या यादीतील इतर कोणीही इतक्या जवळून हाताळलेला नाही.

त्यांची १९९३ ची 'अर्थ यूझर्स गाइड' आणि २०२२ साली आलेली 'अर्थ रिस्टोरर्स गाइड' ही पुस्तके सोप्या भाषेत, पाऊल-पाऊल पुढे नेणारी आहेत आणि प्रत्येक प्रकरणात वाचकाला काहीतरी करायला लावतात. मॉलिसन वाचून डोके गरगरले असेल, तर मोरो यांच्याकडे यावे. त्या मुख्यतः शिक्षकांच्या शिक्षिका आहेत. शिकणाऱ्याला आधीपासून काय येते ते ओळखून तिथून सुरुवात करणे, व्याख्यान कमी आणि हाताने करणे जास्त, समोरचा माणूस निरक्षर असला तरी त्याचे ज्ञान कमी नसते हे गृहीत धरणे, ही त्यांची पद्धत आहे. बचत गटांबरोबर, आदिवासी पाड्यांवर किंवा शाळेच्या परसबागेवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याला माझ्या मते लॉटन यांच्या दहा चित्रफितींपेक्षा मोरो यांचे एक पुस्तक अधिक उपयोगी पडेल. ज्याला पंधरा एकरांचे पाणलोट नियोजन शिकायचे आहे, त्याला मात्र त्या पुरणार नाहीत.

अँड्र्यू मिलिसन आणि महाराष्ट्राचा धागा

नावातल्या साधर्म्यामुळे मिलिसन आणि मॉलिसन यांची अनेकदा गल्लत होते. अँड्र्यू मिलिसन हे अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत २००९ पासून पर्माकल्चर शिकवतात. त्याआधीची त्यांची जडणघडण अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात झाली. त्यामुळे विद्यापीठाची शिस्त आणि कोरडवाहू भागाची समज, या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे एकत्र मिळतात. त्यांचा ऑनलाइन पीडीसी विद्यापीठाच्या नावाने होतो, आराखड्यांवर शिक्षकांचे अभिप्राय मिळतात आणि प्रास्ताविक पाठ्यपुस्तक विद्यापीठाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहे. खिशाला झळ न लावता विषयाची तोंडओळख करून घ्यायची असेल, तर आजच्या घडीला यापेक्षा चांगली सोय माझ्या पाहण्यात नाही. मात्र इंग्रजी वाचता यायला हवे.

मराठी वाचकाला त्यांचे काम जवळचे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेतील गावे पाहण्यासाठी ते महाराष्ट्रात आले आणि त्यांनी त्यावर चित्रफितींची मालिका केली. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतील ११६ गावांपासून सुरू झालेली ती स्पर्धा पुढे पंच्याहत्तरहून अधिक तालुक्यांपर्यंत गेली आणि पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील वेळू हे गाव अव्वल ठरले. एप्रिल-मेच्या उन्हात कुदळ-फावडे आणि टोपली घेऊन माथा ते पायथा या क्रमाने गावाने स्वतः चर, दगडी बांध आणि शेततळी करायची, ही त्यामागची पद्धत. मिलिसन यांच्या फितींमध्ये हे काम त्रिमितीय आकृत्यांच्या साहाय्याने उलगडून दाखवले आहे आणि पाश्चात्त्य शिक्षकांमध्ये क्वचित दिसणारी एक गोष्ट त्यांत आहे: तेथे शिक्षक शिकवायला नव्हे, शिकायला आलेला दिसतो. चर खणण्याच्या आधी माणसे एकत्र कशी आली, हा भाग त्यांनी पाण्याइतकाच महत्त्वाचा मानला आहे. अर्थात उत्साह जास्त आणि चिकित्सा कमी, हा चित्रफितीच्या माध्यमाचा दोष त्यांतही आहे. अडवलेल्या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला तर काय, हा आपल्याकडचा नेहमीचा आणि अवघड प्रश्न तिथे फारसा पुढे येत नाही.

नरसन्ना कोप्पुला आणि दख्खनचे पठार

सोलापूरहून हैदराबादकडे निघाले, की उमरगा, हुमनाबाद मागे टाकून रस्ता झहीराबादला पोहोचतो. मराठवाड्याच्या दाराशीच असलेल्या या भागात भारतीय पर्माकल्चरचा पाया घातला गेला, याची कल्पना आपल्याकडे फार थोड्यांना आहे. मॉलिसन १९८७ च्या सुमारास भारतात आले. रॉबिन फ्रान्सिस या ऑस्ट्रेलियन शिक्षिकेनेही त्या वेळी येथे शिकवले. झहीराबादजवळच्या पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था दलित आणि अल्पभूधारक स्त्रियांच्या गटांबरोबर भरडधान्ये, बियाणे आणि पडीक जमिनी यांवर काम करत होती आणि तिथे पर्माकल्चरची शेती उभी राहिली. त्या कामात घडलेले नरसन्ना कोप्पुला यांनी पत्नी पद्मा यांच्यासह १९९९ साली 'अरण्य' ही संस्था स्थापन केली. बिदकन्ने गावातील त्यांची दहा-बारा एकरांची शेती एके काळी उजाड होती. आज तेथे झाडांचे थर, आच्छादन आणि पाणी मुरवण्याच्या साध्या रचना यांतून एक रान उभे आहे. २०१७ साली आंतरराष्ट्रीय पर्माकल्चर परिषद हैदराबाद परिसरात भरली, तेव्हा तिच्या आयोजनात अरण्य आघाडीवर होती.

या आढाव्यातील सहा जणांत माझे झुकते माप नरसन्नांना आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कारण भावनिक नाही. लातूर, धाराशिव, सोलापूर, नांदेडच्या शेतकऱ्याचे जे हवामान, तेच जवळजवळ त्यांचे. जी पिके, म्हणजे ज्वारी, तूर, मूग, हरभरा, तीच त्यांची. आणि त्यांचे काम ज्यांच्याबरोबर झाले त्यांच्याकडे पोकलेन भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. त्यामुळे त्यांच्या शिकवण्यात यंत्राने करायच्या भव्य कामांऐवजी बांधावरची झाडे, देशी बियाणे, मिश्रपीक आणि पालापाचोळा जागेवर राखणे यांना मान आहे. पद्मा यांचे शेतकरी स्त्रियांमधले काम हा या शिकवणुकीचा दुसरा कणा आहे; पर्माकल्चरच्या बहुतेक वर्णनांत घरचे बियाणे राखणारी बाई दिसतच नाही, येथे ती केंद्रस्थानी आहे. शिवाय रात्रीच्या प्रवासात पोहोचता येते आणि शंका आली तर पुन्हा जाता येते, ही साधी सोय ऑनलाइन वर्गात कधीच मिळणार नाही.

मर्यादाही आहेत. नरसन्नांनी मॉलिसन किंवा होल्मग्रेन यांच्यासारखा सर्वंकष ग्रंथ मागे ठेवलेला नाही, त्यामुळे घरी बसून अभ्यास करणाऱ्याला हाती फारसे लागत नाही. स्थानिक शेतकऱ्यांबरोबरचे काम तेलुगूत चालते. मराठी माणसाने वर्गाची भाषा कोणती, हे नाव नोंदवण्याआधी विचारून घ्यावे. तीन हजार मिलिमीटर पाऊस, जांभा दगड आणि वानरांचा उच्छाद सोसणाऱ्या कोकणातल्या बागायतदाराला दख्खनच्या पठारावरचे धडे अर्धेच लागू पडतील. त्याने मॉलिसन यांचे दमट प्रदेशाचे प्रकरण आणि स्वतःच्याच गावातील जुन्या आगर-कुळागरांची रचना यांचा एकत्र अभ्यास केलेला बरा. गोव्यातील कुळागरात माड, पोफळी, मिरी, केळी आणि पाटाचे पाणी यांची जी वीण आहे, ती परदेशी शिक्षकांच्या 'अन्नवना'पेक्षा कितीतरी जुनी आणि सिद्ध आहे.

ज्यांचा उल्लेख ओघानेच

ऑस्ट्रियाच्या लुंगाऊ भागात ११०० ते १५०० मीटर उंचीवर क्रामेटरहोफ उभे करणारे सेप होल्झर हे विलक्षण शेतकरी आहेत, परंतु त्यांचे लाकडे पुरून केलेले उंच वाफे थंड डोंगराळ हवामानातले आहेत. आपल्याकडे लाकूड पुरले की वाळवी आलीच, हे कोणीही शेतकरी सांगेल. अमेरिकेतील स्टारहॉक यांचे वर्ग माणसामाणसांतील व्यवहार, संघर्ष आणि आंदोलने यांच्यावर भर देतात. सामूहिक वस्ती उभारण्याच्या विचारात असलेल्यांनी त्यांच्याकडे जरूर पाहावे, शेतीसाठी जाऊ नये.

पैसे भरण्याआधी

पर्माकल्चरच्या सर्वच शिक्षकांना लागू होणारी एक टीका येथे नोंदवली पाहिजे. २०१४ साली फर्ग्युसन आणि लव्हेल या अमेरिकी संशोधकांनी या विषयावरील साहित्याचा सविस्तर आढावा घेतला. त्यात चळवळीचा आवाका आणि रचनेवरचा भर यांचे कौतुक आहे, पण ती विज्ञानाच्या मुख्य प्रवाहापासून तुटलेली आहे आणि तिचे अनेक दावे गरजेपेक्षा सोपे व फुगवलेले असतात, असेही स्पष्ट म्हटले आहे. आदिवासी आणि पारंपरिक समाजांचे ज्ञान घेऊन त्यांचे नाव न घेण्याचा आक्षेपही जुना आहे. या दोन्ही बाबतींत सहाही जणांचे वर्तन सारखे नाही: मोरो आणि नरसन्ना स्थानिक ज्ञानाला उघड मान देतात, होल्मग्रेन आपल्या विचाराचे स्रोत नोंदवतात, मॉलिसन यांच्या लेखनात ही शिस्त फार कमी आहे.

याहून व्यवहारी प्रश्न उत्पन्नाचा आहे. जगातील अनेक नावाजलेली पर्माकल्चर शेते धान्य-फळे विकून नव्हे, तर वर्गांच्या शुल्कावर आणि विनामोबदला राबणाऱ्या स्वयंसेवकांवर चालतात. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. शिकवणे हाही व्यवसाय आहे. परंतु ज्याला शेतीवर घर चालवायचे आहे, त्याने शिक्षकाला शेताच्या उत्पन्नात विकलेल्या मालाचा वाटा किती आणि मजुरी कोण देते, हे दोन प्रश्न सरळ विचारावेत. उत्तर मोकळेपणाने मिळाले, तर शिक्षक बरा समजावा. शहरात राहून छंद म्हणून शिकणाऱ्याला हे प्रश्न गैरलागू आहेत आणि त्याने मिलिसन यांचे विनामूल्य पाठ्यपुस्तक व होल्मग्रेन यांची बारा तत्त्वे यांवर सहा महिने खुशाल काढावेत.

कोरडवाहू शेतकऱ्याने किंवा गावी परतण्याच्या विचारात असलेल्या नोकरदाराने मात्र क्रम उलटा ठेवावा. आधी एक पूर्ण पावसाळा आपल्या जमिनीवरून पाणी कसे जाते ते पाहावे, माती किती हातांवर मुरमाला लागते ते दोन-तीन खड्डे घेऊन पाहावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडून किंवा मृदसंधारणाच्या जाणकाराकडून ढाळ आणि बांध यांविषयी सल्ला घ्यावा. मग अरण्यसारख्या, आपल्याच हवामानातील ठिकाणी जाऊन निवासी वर्ग करावा आणि वर्गात करायच्या आराखड्यासाठी काल्पनिक जागा न घेता स्वतःचा गट क्रमांक, सातबारा आणि विहिरीच्या पाण्याची उन्हाळ्यातली पातळी बरोबर न्यावी. लॉटन यांची माती-पाण्याची कामे त्यानंतर अभ्यासावीत, म्हणजे त्यांतले काय आपल्या रानाला चालेल आणि काय नाही, हे पोकलेनवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधीच कळेल.